हंटरवालीच्या आधीची मेरी

केस काळे दिसायला हवेत म्हणून लांब वेण्यांचा टोप घालायचा नाही, आणि नाव बदलायचं नाही. परळच्या वाडिया मूव्हिटोन कंपनीत काम मागायला आलेल्या सव्वीस वर्षांच्या एका गोऱ्या बाईने या दोन गोष्टी मालकाला तोंडावर सांगितल्या. मालक म्हणजे जमशेद बोमन होमी वाडिया. चित्रपटधंद्यात त्यांना सगळे जेबीएच म्हणत. त्यांनी सुचवलेलं नाव होतं नंदादेवी. सोनेरी केसांच्या, निळ्या डोळ्यांच्या, भक्कम बांध्याच्या त्या बाईला आपण कुठल्याही बाजूने देवी दिसणार नाही याची पूर्ण कल्पना होती. काळ्या वेण्या लावून आपलं हसं होईल, असं तिने सुनावलं. शिवाय तिचं आत्ताचं नाव ‘वाडिया’शी यमक जुळणारं होतं. तिने तेही जेबीएचच्या लक्षात आणून दिलं. नाव होतं नादिया.

पुढच्या वर्षभरात या नावाच्या मागे ‘फिअरलेस’ लागलं आणि ग्रँट रोडच्या पिटात बसणाऱ्यांपासून लाहोरच्या तिकीट खिडकीवर झुंबड उडवणाऱ्यांपर्यंत साऱ्यांनी ते डोक्यावर घेतलं. ‘हंटरवाली’ या चित्रपटाचं हे यश बहुतेकांना ठाऊक असतं. त्याआधीच्या सव्वीस-सत्तावीस वर्षांची फारशी कुणी चौकशी करत नाही. नादियाची कहाणी खरी रंगते ती तिथेच. पडद्यावर तिने जे जे केलं, त्यातलं बरंचसं ती आधीच कुठे ना कुठे पोटासाठी किंवा हौसेसाठी शिकलेली होती.

तिचं मूळ नाव मेरी ॲन एव्हान्स. जन्म ८ जानेवारी १९०८ चा, ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पर्थ शहरातला. वडील हर्बर्ट एव्हान्स ब्रिटिश सैन्यात, आई मार्गारेट ग्रीक वंशाची. वडिलांची पलटण मुंबईला आली आणि मेरी पाच वर्षांची असताना, १९१३ मध्ये, मायलेकी इथे पोचल्या. पहिलं महायुद्ध सुरू झालं, वडील लढाईवर गेले आणि १९१५ मध्ये मारले गेले. कमावता माणूस गेला आणि ही दोन बायकांची जोडी परक्या मुलखात उरली. त्या काळच्या मुंबईत गोऱ्या कातडीला मान होता खरा, पण त्या कातडीच्या आतही पायऱ्या होत्या. मलबार हिलवरचे साहेब वेगळे, आणि पलटणीतल्या शिपायाची विधवा व तिची पोर वेगळी. नादियाबद्दल लिहिताना ही पायरी विसरून चालत नाही. पुढे ती ज्या प्रेक्षकांची लाडकी झाली, त्यांच्याइतकी नसली तरी तीही हातावर पोट असलेलीच होती.

१९२२ मध्ये मायलेकी पेशावरला गेल्या. चौदा वर्षांच्या मुलीला सरहद्दीवरच्या त्या छावणीच्या गावात शाळेपेक्षा मोकळ्या हवेतलं शिक्षण जास्त मिळालं. घोड्यावर बसणं, बंदूक चालवणं, शिकार, मासेमारी. त्या वयात मुंबईच्या कॉन्व्हेंटमध्ये राहिली असती तर कदाचित तिचं पियानो आणि भरतकाम पक्कं झालं असतं. पेशावरने तिला मांड पक्की करून दिली. घोडा बुजला तरी न डगमगणारी ही मांड दहा-बारा वर्षांनी वाडियांच्या कॅमेऱ्याला दिसली आणि प्रेक्षकांनी तिला ‘अभिनय’ समजून टाळ्या दिल्या.

१९२८ मध्ये ती मुंबईला परतली तेव्हा बरोबर आई होती आणि एक लहान मुलगाही. मुलाच्या पितृत्वाविषयी ती उभ्या आयुष्यात फारसं बोलली नाही, आणि ज्यांना त्यात रस होता त्यांना तिने दाद दिली नाही. योगायोगाची गोष्ट अशी की त्याच वर्षी, सप्टेंबरात, मुंबई–पेशावर अशी एक नवी जलद गाडी सुरू झाली. तिचं नाव फ्रंटियर मेल. हे नाव पुढे तिच्या वाट्याला वेगळ्याच रीतीने येणार होतं.

घरात तीन तोंडं आणि मिळवणारी एकटी. काळा घोड्याजवळची ‘आर्मी अँड नेव्ही स्टोअर’ची देखणी इमारत आजही उभी आहे. तिथे मेरी गिऱ्हाइकांना माल दाखवणारी विक्रेती म्हणून उभी राहू लागली. पगार तुटपुंजा, म्हणून तिने लघुलेखन आणि टंकलेखन शिकायला घेतलं. एखाद्या गोऱ्या साहेबाच्या कचेरीत स्टेनो म्हणून चिकटली असती तर हा लेख लिहायचं कारणच पडलं नसतं. पण टाइपरायटरपुढे बसून राहणं हे तिच्या अंगाला मानवणारं काम नव्हतं. मुंबईत तेव्हा मादाम अस्त्रोवा नावाच्या रशियन बाई बॅले शिकवत आणि त्यांचा एक नृत्यसंच गावोगाव फिरे. मेरी त्यांच्याकडे गेली.

बॅलेला हवी असते ती वेताची काठी, आणि मेरीचा बांधा होता चांगला दणकट. पंजाच्या टोकावर तरंगणं तिच्या नशिबात नव्हतं. पण हातांवर चाक फिरल्यासारखी कोलांटी घेणं आणि दोन्ही पाय दोन दिशांना फाकवून सपाट जमिनीवर बसणं तिने अंगात मुरवलं. हे दोन प्रकार म्हणायला सोपे आहेत. दुसऱ्या प्रकारात मांडीचे स्नायू महिनोन् महिने रोज थोडे थोडे ताणावे लागतात आणि एक दिवस घाई केली तर पंधरा दिवस लंगडावं लागतं. विशीतल्या बाईने, तेही एका पोराच्या आईने, हे साधलं यातच तिच्या चिकाटीचा अंदाज येतो.

अस्त्रोवाबाईंचा हा संच लष्करी छावण्यांतल्या सोल्जरांपुढे नाचे, संस्थानिकांच्या दरबारात नाचे आणि धुळीने माखलेल्या आडगावांतही नाचे. गावोगावच्या मुक्कामांची दगदग काय असते हे आपल्याकडच्या नाटकमंडळ्यांच्या आठवणी वाचलेल्यांना सांगायला नको. समोर कधी दारू प्यायलेले शिपाई, कधी पडद्याआड बसलेला जनाना, कधी इंग्रजीचं अक्षर न कळणारे शेतकरी. भाषेचा आधार न घेता प्रेक्षकाला धरून कसं ठेवायचं, याची इतकी चांगली शाळा शोधून सापडली नसती. याच दिवसांत एका आर्मेनियन ज्योतिषिणीने तिला सांगितलं की भाग्य उजळायचं असेल तर ‘एन’ या अक्षराने सुरू होणारं नाव घे. मेरीने नादिया निवडलं. १९३० च्या सुमाराला ती झार्को सर्कशीतही काम करून आली.

म्हणजे हिशेब असा: विक्रेती, टायपिस्ट, नर्तिका, सर्कशीतली कलावंतीण. यातला शेवटचा धंदा तेव्हाच्या सभ्य समाजात सर्वांत हलका. आणि नेमका तोच तिला सर्वांत उपयोगी पडला. लाहोरच्या रीगल चित्रपटगृहाचे व्यवस्थापक एरच कांगा यांनी तिला पाहिलं आणि मुंबईच्या वाडियांकडे तिची शिफारस केली.

या वाडियांचं घराणं कोणतं, हेही सांगायला हवं. १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आलेले जहाजबांधणीचे कारागीर लवजी नसरवानजी वाडिया हे त्यांचे मूळपुरुष. मुंबईची गोदी ज्यांनी उभारली आणि ज्यांच्या वंशजांनी इंग्रजांच्या आरमाराला सागवानी युद्धनौका बांधून दिल्या, ते हे कुळ. जेबीएच १९०१ चे. इंग्रजी साहित्यात एम. ए., वर कायद्याची पदवी, काही दिवस बँकेत नोकरी. अशा मुलाने सिनेमा काढायचा म्हटल्यावर पारशी घरात काय गहजब झाला असेल याची कल्पना करता येते. धाकटे होमी १९११ चे. त्यांनी कॉलेज अर्ध्यावर टाकलं आणि थोरल्याच्या मागे आले. दोघांचं दैवत एकच, हॉलिवूडचा डग्लस फेअरबँक्स. मुखवटा, तलवार, गच्चीवरून उडी, दुबळ्यांचा कैवार. ‘दिलेर डाकू’, ‘तूफान मेल’ असे मूकपट काढून भावांनी जम बसवला आणि १९३३ मध्ये मानचेरशा बिलिमोरिया व टाटा बंधू यांच्या भागीदारीत वाडिया मूव्हिटोन सुरू केली. स्टुडिओ थाटला तो घराण्याच्या परळमधल्या लवजी कॅसल या जुन्या वाड्याच्या आवारात.

त्यांचा पहिला बोलपट ‘लाल-ए-यमन’. त्यात गाणारा कोवळ्या वयाचा फिरोझ दस्तूर म्हणजेच पुढे सवाई गंधर्वांचे शिष्य आणि किराणा घराण्याचे बुजुर्ग म्हणून आपण ज्यांना ऐकलं ते पंडित फिरोझ दस्तूर. स्टंटपटवाल्यांच्या अंगणात असे लोक वावरत होते. धंदा मात्र मारामारीवर चालायचा.

बोलपट आल्याने एक नवीच पंचाईत उभी राहिली होती. मूकपटात चेहरा आणि अंग चालत होतं, आता जीभ चालावी लागणार होती. पुण्यात जन्मलेल्या रूबी मायर्स ऊर्फ सुलोचना या मूकपटाच्या सम्राज्ञी. त्यांनाही हिंदुस्थानी शिकण्यासाठी काही काळ थांबावं लागलं. मूकपटातला आपला मराठमोळा तलवारबहाद्दर मास्टर विठ्ठल याची गोष्ट तर गमतीची आणि थोडी करुणही आहे. ‘आलम आरा’त पहिला बोलणारा नायक होण्याचा मान त्याला मिळाला, पण उच्चार असे की त्याला बऱ्याच प्रसंगांत गुंगीत किंवा बेशुद्ध दाखवावं लागलं, असं सांगतात. अंगाने बोलणारे नट एकेक करून मागे पडत होते, त्या दिवसांत जेबीएचपुढे ही बाई उभी होती. तिचं हिंदुस्थानी म्हणजे छावणीतल्या खानसाम्याला समजेल एवढंच. संवाद रोमन लिपीत लिहून घ्यायचे, घोकायचे आणि म्हणायचे. उच्चारांची जी वाट लागायची ती लागायचीच.

वाडियांनी सावधपणे पाऊल टाकलं. ‘देश दीपक’मध्ये तिला दासीचं काही मिनिटांचं काम दिलं. ते लोकांच्या नजरेत भरलं. मग ‘लाल-ए-यमन’चा पुढचा भाग असलेल्या ‘नूर-ए-यमन’मध्ये राजकन्या परीजादचं काम. इथे बोलण्याचे, रडण्याचे प्रसंग होते आणि तिच्या उच्चारांना लोक हसले. पण हसूनही पुन्हा बघायला आले. धंद्यात मुरलेल्या माणसाला एवढी खूण पुरते. जिला बोलता येत नाही तिला बोलायला न लावता पळवायचं, उड्या मारायला लावायचं, घोड्यावर बसवायचं. मूकपटातला फेअरबँक्स बोलपटात आणायचा, फक्त बाईच्या रूपात. असा बेत ठरला आणि होमी दिग्दर्शनाला बसले.

‘हंटरवाली’ची गोष्ट जेबीएचच्या लेखणीतली. राजाला कैदेत टाकून राज्य गिळू पाहणारा वजीर राणामल. राजकन्या माधुरीशी लग्न लावून त्याला सिंहासन पक्कं करायचंय. दिवसा माधुरी राजवाड्यात, आणि वेळ आली की डोळ्यांवर मुखवटा, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट, आखूड विजार आणि हातात चाबूक. गोरगरिबांना नाडणाऱ्यांची पाठ फोडणारी हंटरवाली. जोडीला बोमन श्रॉफ नायक, वजिराच्या कामात सयानी. लहानसहान कामं करणाऱ्यांत एक किशोरवयीन पोरगा होता, पुढे ‘हम दोनो’चं संगीत देणारे जयदेव ते हेच.

खर्च सुमारे ८० हजारांवर गेला. तेव्हाच्या स्टंटपटाच्या मानाने हा आकडा छाती दडपवणारा. चित्र तयार झालं आणि वितरकांनी पाठ फिरवली. गोरी बाई, तीही पुरुषांना चाबकाने बडवणारी, तीही आखूड विजारीत! हे हिंदुस्थानात कोण बघणार? वितरकांना हसणं आज सोपं आहे. पण त्यांनी तोवर विकलेल्या नायिका पाहिल्या तर त्यांचं म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं. शेवटी भागीदार बिलिमोरियांना बरोबर घेऊन वाडियांनी पदरमोड केली आणि १९३५ मध्ये ग्रँट रोडच्या सुपर सिनेमात ‘हंटरवाली’ लावला. पंचवीस आठवड्यांहून जास्त चालला. बाजारात हंटरवाली छापाचे चाबूक, पट्टे, काडेपेट्या आल्या. वाडियांना न विचारता, अर्थात.

समीक्षकांना हे यश कधी नीट पचलं नाही. पण त्याचा उलगडा फार अवघड नाही. ग्रँट रोड, लालबाग, परळ या पट्ट्यातला पिटाचा प्रेक्षक दिवसभर गिरणीत किंवा गोदीत राबून आलेला. मुकादम, सावकार, घरमालक, पोलीस यांच्यापुढे रोज मान खाली घालणारा. पडद्यावरचा वजीर कुणासारखा आहे हे त्याला कुणी समजावून द्यावं लागत नव्हतं. ब्रिटिश सेन्सॉर देशभक्तीचा उघड उच्चार कापून टाकी, पण पोशाखी राज्यातल्या जुलमी वजिराला कापायचं कोणत्या कलमाखाली? जेबीएच पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांचे अनुयायी झाले. राजकारणाचं त्यांना पक्कं भान होतं. मारामारीच्या पुडीत त्यांनी औषध बांधून दिलं, असं म्हणणं अतिशयोक्तीचं होणार नाही.

राहिला प्रश्न गोरेपणाचा. राज्य गोऱ्यांचं, त्याविरुद्ध चळवळ पेटलेली आणि पडद्यावर गरिबांची कैवारी गोरी! यात विसंगती आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. काही अभ्यासकांना यात गोऱ्या कातडीचं आकर्षण दिसतं, काहींना सत्ताधाऱ्यांचंच रूप घेऊन त्यांच्यावर उलटवलेला चाबूक. दोन्हींत तथ्य असेल. पण एक साधी गोष्टही आहे. पर्ल व्हाइटसारख्या अमेरिकी मालिकापटांच्या धाडसी नायिका इथल्या स्वस्त थिएटरांत मूकपटाच्या काळापासून चालत होत्या. धावत्या गाडीवरून उडी मारणारी गोरी बाई हा या प्रेक्षकाला नवा प्रकार नव्हता. नवं होतं ते तिचं नाव माधुरी असणं आणि तिने मोडक्यातोडक्या का होईना पण आपल्या भाषेत वजिराला दम भरणं.

तिच्या कामाकडे जरा जवळून बघू. नादियाची खूण बनलेली एक चाल म्हणजे धिप्पाड गुंडाला डोक्यावर किंवा खांद्यावर उचलून गरगर फिरवायचं आणि भिरकावून द्यायचं. उचलला जाणारा माणूस नुसतं ओझं असला तर हे जमत नाही. ठरलेल्या मात्रेवर तो स्वतः टाचा उचलून किंचित उडी घेतो, त्याच क्षणी उचलणारीने गुडघ्यात वाकून त्याच्या कमरेखाली खांदा घालायचा असतो, आणि उठायचं ते मांड्यांच्या जोरावर, पाठीच्या नव्हे. अर्धा क्षण मागेपुढे झाला की कणा जातो. फेकताना पडणाऱ्याची हनुवटी छातीला टेकलेली हवी. नाहीतर डोकं आधी आपटतं. आजच्यासारख्या दोऱ्या, हवा भरलेल्या गाद्या, संगणकाने पुसलेल्या आधाराच्या तारा तेव्हा नव्हत्या. मारामारीची दृश्यं कॅमेरा जरा हळू चालवून टिपायची, म्हणजे पडद्यावर ती तडतडीत दिसतात, ही युक्ती स्टंटपटांत सर्रास चाले. पण कॅमेऱ्याच्या वेगाने माणसाचं वजन कमी होत नाही. बहुतेक कसरती नादिया स्वतःच करी, आणि तिच्या हाताखालून भिरकावले जाणारे ते अनाम गडीही आपापलं काम चोख करत. त्यांची नावं श्रेयनामावलीत शोधून सापडत नाहीत.

‘हंटरवाली’नंतर रांग लागली. १९३६ च्या ‘मिस फ्रंटियर मेल’मध्ये ती सविता झाली. खुनाच्या खोट्या आरोपात अडकलेल्या स्टेशन मास्तरची मुलगी. समोर ‘सिग्नल एक्स’ नावाचा मुखवटेधारी खलनायक. इथे राजवाडा गेला, रेल्वे आली. डब्यांच्या टपावरची मारामारी या चित्रपटाचा प्राण आहे. मागे सरकणारी झाडं, वाऱ्याने फडफडणारे कपडे, आणि टपाच्या गोल कण्यावर पाय रोवून उभी असलेली नादिया गुंडांना एकामागून एक खाली ढकलते आहे. आगगाडी हे वाडियांचं जुनं वेड. मूकपटातल्या ‘तूफान मेल’पासून १९३९ च्या ‘पंजाब मेल’पर्यंत ते पुरलं. पेशावरहून आलेल्या मुलीला फ्रंटियर मेल हे नाव मिळालं ते असं.

याच १९३६ सालात पुण्यात प्रभात कंपनी ‘अमरज्योती’ काढत होती. दिग्दर्शक व्ही. शांताराम म्हणजे शांतारामबापूंच्या त्या चित्रपटात दुर्गाबाई खोटे समुद्री चाच्यांची राणी झाल्या होत्या. तीही अन्यायाने पेटून उठलेली आणि पुरुषी राज्यसत्तेवर तुटून पडणारी. ‘अमरज्योती’ व्हेनिसच्या महोत्सवात गेला, त्यावर गंभीर लेख आले, आजही येतात. ‘मिस फ्रंटियर मेल’च्या वाट्याला शिट्ट्या आल्या. दुर्गाबाईंचा अभिनय नादियाला सात जन्मांत जमला नसता, हे मान्यच. पण बंडखोर बाई प्रतिष्ठित घरातून, शुद्ध वाणी घेऊन आली की तिला कला म्हणायचं आणि सर्कशीतून आली की करमणूक, ही आपली जुनी खोड आहे.

नादियाच्या भोवती एक सबंध कुटुंबच तयार झालं. शरीरसौष्ठवाची स्पर्धा जिंकून आलेला जॉन कावस हा तिचा नायक. वाडियांनी त्याला ‘तूफानी टारझन’ही केलं. ‘पंजाब का बेटा’ नावाचा घोडा आणि ‘रोल्स राइस की बेटी’ नावाची एक खटारा मोटार यांना पोस्टरवर नटांच्या बरोबरीने मान. १९४० च्या ‘डायमंड क्वीन’मध्ये ती मुंबईहून शिकून परतलेली मधुरिका आहे. गावगुंडांना बदडता बदडता ती बायकांच्या स्वातंत्र्यावर चार शब्द सुनावते, आणि त्या शब्दांचा मथितार्थ असा की बायका मोकळ्या झाल्याशिवाय देश मोकळा होणार नाही. ‘जंगल प्रिन्सेस’मध्ये (१९४२) खऱ्या सिंहांबरोबर काम केलं. त्याच वर्षीच्या ‘मुकाबला’त दुहेरी भूमिका होती, आणि एकाच चौकटीत दोन नादिया दाखवण्याची करामत बाबूभाई मिस्त्रींची. काळ्या धाग्याने वस्तू हवेत नाचवणारे, धंद्यात ‘काला धागा’ म्हणूनच ओळखले जाणारे हे गृहस्थ पुढे पौराणिक चित्रपटांतल्या चमत्कारांचे बादशहा झाले.

मग दोघा भावांच्या वाटा वेगळ्या झाल्या. जेबीएचना साहित्य, नृत्य, विचार यांची ओढ. त्यांनी साधना बोस यांना घेऊन ‘राज नर्तकी’सारखा खर्चिक चित्रपट इंग्रजीतही काढला. होमींना गल्ल्याची भाषा कळत होती. नादियाच्या चाबकाने मिळवलेला पैसा प्रतिष्ठेच्या चित्रांत मुरत गेला, असं म्हणायला जागा आहे. १९४२ मध्ये परळचा स्टुडिओ शांतारामबापूंच्या हाती गेला आणि तिथे राजकमल कलामंदिर उभं राहिलं. ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’पासून ‘झनक झनक पायल बाजे’पर्यंतच्या चित्रांसाठी मराठी माणूस ज्या वास्तूचं नाव आदराने घेतो, तिच्या जमिनीवर आधी हंटरवालीच्या घोड्याच्या टापा पडलेल्या होत्या.

होमींनी बसंत पिक्चर्स काढली. नवी कंपनी, हातात पैसा बेताचा. जुनं नाणं पुन्हा वाजवून बघितलं, १९४३ चा ‘हंटरवाली की बेटी’. नाणं खणखणीत वाजलं. पुढे बसंतचा स्टुडिओ चेंबूरला झाला आणि नादिया पन्नाशीच्या आसपास येईपर्यंत अधूनमधून पडद्यावर उड्या मारत राहिली. ‘इलेव्हन ओ’क्लॉक’, ‘कार्निव्हल क्वीन’, ‘बगदाद का जादू’. या काळातले चित्रपट फारसे आठवावेत असे नाहीत. मारामाऱ्यांची जागा आता जादूच्या गालिच्यांनी घेतली होती आणि पिटातली पोरंही मोठी झाली होती.

त्यातला एक पोरगा म्हणजे माथेरानला जन्मलेले गिरीश कार्नाड. १९८० मध्ये त्यांनी नादियावर एक लेख लिहिला. घोड्यावरून येणाऱ्या नादियाची ‘हेऽऽय’ ही आरोळी आपल्या लहानपणीचा सर्वांत लक्षात राहिलेला आवाज आहे, असा त्याचा आशय. ‘तुघलक’ आणि ‘हयवदन’च्या लेखकाने हे जाहीरपणे लिहिल्यावर अभ्यासकांनाही तिच्याकडे बघायला जरा धीर आला. मग परिसंवाद झाले, पुस्तकं आली, ‘काळाच्या पुढची स्त्रीवादी’ असा शिक्काही बसला. शिक्क्याला हरकत घेण्याचं कारण नाही, पण तो जरा घाईचा आहे. तिला कामावर ठेवणारे, तिच्यासाठी गोष्टी लिहिणारे आणि तिचे पोशाख ठरवणारे पुरुषच होते, आणि आखूड विजार नुसत्या उड्या मारायला सोयीची म्हणून ठरली नव्हती.

होमी आणि नादिया यांचं एकमेकांवर प्रेम होतं, हे स्टुडिओतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. होमींच्या आईला परजातीची, एका मुलाची आई असलेली सून चालणार नव्हती. पडद्यावर वजिरांची सिंहासनं उलथवणाऱ्या जोडीने घरातल्या म्हातारीपुढे मात्र कधी आवाज चढवला नाही. थांबले. किती, तर पंचवीसेक वर्षं. आईच्या मृत्यूनंतर १९६१ मध्ये लग्न झालं तेव्हा नवरी त्रेपन्न वर्षांची होती. होमींनी तिच्या मुलाला आपलं नाव दिलं. सात वर्षांनी, १९६८ मध्ये, होमींच्याच ‘खिलाडी’त साठीतली नादिया ‘मॅडम इलेव्हन’ नावाची गुप्तहेर होऊन शेवटची पडद्यावर आली. जेम्स बाँडची नक्कल म्हणून काढलेलं ते चित्र यथातथाच, पण तिने मजा केलेली दिसते.

१९९३ मध्ये जेबीएचचे नातू रियाद विंची वाडिया यांनी ‘फिअरलेस: द हंटरवाली स्टोरी’ हा माहितीपट केला आणि बर्लिनच्या महोत्सवात नव्या पिढीने ती जुनी दृश्यं पहिल्यांदा पाहिली. ९ जानेवारी १९९६ रोजी, अठ्ठ्याऐंशीवा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ती मुंबईत वारली. २०१७ मध्ये विशाल भारद्वाज यांचा ‘रंगून’ आला. त्यातली चाबूकवाली मिस ज्युलिया ही आमच्या नादियावरूनच उचललेली आहे, अशी तक्रार घेऊन वाडिया मूव्हिटोन मुंबई उच्च न्यायालयात गेली.